स्वतःला एकूण किती गुण?

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात एक भलंमोठं वनस्पती उद्यान आहे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एक एकोणीस वर्षांचा मुलगा तिथे रोज जाऊन बसायचा. लहानपणी मूत्रपिंडाच्या दुखण्यानं दवाखान्याच्या वाऱ्या झालेल्या, स्वभाव बुजरा, आणि मुलींशी बोलायचं म्हटलं की घशाला कोरड. त्यानं स्वतःला एक काम लावून घेतलं. महिनाभर, बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की त्याच बाकावर जाऊन बसायचं आणि मिनिटभराच्या आत बोलायला सुरुवात करायची. हवा, फुलं, तिच्या हातातलं पुस्तक, विषय कुठलाही चालेल. त्यानंच नंतर सांगितलेला हिशेब असा: १३० जणी दिसल्या, त्यातल्या ३० उठून निघून गेल्या, उरलेल्या १०० जणींशी बोलणं झालं. एकीनं पुन्हा भेटायचं कबूल केलं. ती आलीच नाही.

(आज कुणी हा प्रयोग जसाच्या तसा करू नये. बाकावर निवांत बसलेल्या बाईच्या बाजूनं पाहिलं तर तो तापच आहे.)

फळ शून्य. पण मुलाची भीती गेली. नकार मिळाला तरी आभाळ कोसळत नाही, आणि नकार मिळालेला माणूस त्यामुळे कमी किमतीचा ठरत नाही, हे त्याला शंभर वेळा प्रत्यक्ष दिसलं. हा मुलगा म्हणजे अल्बर्ट एलिस. पुढे मानसशास्त्रात डॉक्टरेट करून त्यानं काही वर्षं फ्रॉइडच्या वळणाचं मनोविश्लेषण (दुखण्याचं मूळ बालपणात आणि नेणिवेत शोधणारा उपचार) केलं, त्याला कंटाळला आणि १९५५ मध्ये स्वतःची उपचारपद्धती मांडली. आपल्याकडे ती 'विवेकनिष्ठ उपचारपद्धती' किंवा नुसतं 'आरईबीटी' (रॅशनल इमोटिव्ह बिहेविअर थेरपी) म्हणून ओळखली जाते. मुंबईचे मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती मराठीत आणली. ठाण्यात १९९० साली सुरू झालेल्या 'आयपीएच' (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती शाळा-कॉलेजांपर्यंत नेली. त्यामुळे महाराष्ट्रात ही पद्धत बऱ्यापैकी रुळलेली आहे.

मला यातली एकच गोष्ट समजावून सांगायची आहे, कारण बाकीचं सगळं तिच्यातून निघतं. 'आत्मसन्मान वाढवा' असं आपल्याला सारखं सांगितलं जातं. एलिसचं म्हणणं उलट होतं. वाढवायच्या भानगडीत पडू नका. स्वतःला एकूण गुण देणंच थांबवा.

हे विचित्र वाटतं, म्हणून थोडं मागे जाऊ.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यानं १८९० साली आत्मसन्मानाचं एक गणित मांडलं होतं: मिळालेल्या यशाला अपेक्षांनी भागायचं. यश वाढलं किंवा अपेक्षा घटल्या की उत्तर वाढतं. १९६५ मध्ये मॉरिस रोझेनबर्गनं दहा विधानांची एक छोटी प्रश्नावली केली, जी आजही जगभर वापरली जाते. म्हणजे आत्मसन्मान मोजता येऊ लागला. आणि मोजता आलेली गोष्ट वाढवायचा मोह कुणाला आवरतो? १९८६ मध्ये कॅलिफोर्निया राज्यानं तर आत्मसन्मान वाढवण्यासाठी सरकारी खर्चानं कृतिदल नेमलं. जॉन व्हास्कॉन्सेलोस नावाचे आमदार त्यामागे होते. गुन्हेगारी, व्यसनं, शाळेतली गळती या सगळ्याच्या मुळाशी लोकांना स्वतःबद्दल वाईट वाटणं आहे, ते दुरुस्त केलं की बाकीचं आपोआप सुटेल, असा विश्वास होता. वर्तमानपत्रांतल्या व्यंगचित्रांनी त्याची भरपूर टिंगल केली, पण शाळाशाळांतून 'तू खास आहेस' चे फलक लागले ते लागलेच. आपल्याकडच्या पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासांत आजही जे शिकवतात, त्यातलं बरंचसं त्याच लाटेतून आलेलं आहे.

मग २००३ मध्ये रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन चाळून पाहिलं. स्वतःबद्दल चांगलं मत असलेली माणसं जास्त आनंदी असतात आणि पुढाकार घ्यायला कचरत नाहीत, एवढं खरं निघालं. पण आत्मसन्मान वाढवला म्हणून परीक्षेतले गुण वाढतात, याला पुरावा सापडला नाही. बऱ्याचदा गाडी उलट दिशेनं धावत होती: आधी काम जमतं, मग स्वतःबद्दल बरं वाटतं.

आरशासमोर उभं राहून 'मी छान आहे, मी प्रेम करण्याजोगा आहे' म्हणायचा उपाय तुम्ही ऐकला असेल. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या जोआन वूड यांनी २००९ मध्ये तो तपासला. ज्यांचं स्वतःबद्दल मत आधीच चांगलं होतं, त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांना खरी गरज होती, त्यांना हे वाक्य म्हटल्यावर आणखी वाईट वाटलं. कारण सरळ आहे. तोंड 'मी छान' म्हणतं तेव्हा आतून कुणीतरी लगेच विचारतं, 'कशावरून?' आणि मग पुराव्यांची यादी सुरू होते, ती बहुधा विरोधातली.

मुलांच्या कौतुकाचंही तसंच. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात (२०१४) स्वतःबद्दल कमी मत असलेल्या मुलांच्या चित्राचं 'अफाट सुंदर!' असं फुगवून कौतुक केलं, तर पुढच्या वेळी त्यांनी अवघड चित्र निवडायचं टाळलं. एवढं उंच बसवल्यावर पडायची भीती वाटणारच. नुसतं 'सुंदर' म्हटलेल्या मुलांचं असं झालं नाही. घरोघरच्या आजी-आजोबांना हे पटवणं मात्र अवघड आहे.

आता एलिसकडे परत. त्याचा मुद्दा असा की एकूण गुणपत्रिका ही कल्पनाच चुकीची आहे. आंब्याच्या पेटीत दोन आंबे डागाळलेले निघाले, तर आपण ते दोन बाजूला काढतो, पेटी उकिरड्यावर फेकत नाही. आणि एक आंबा अप्रतिम निघाला म्हणून सगळी पेटीही अप्रतिम होत नाही. माणूस म्हणजे हजारो गुण, कृती, चुका, सवयी, आणि त्याही रोज बदलणाऱ्या. त्यांची सरासरी काढायची कशी? तुम्ही इंग्रजीत अडखळता, पोळ्या छान करता, धाकट्या भावावर विनाकारण ओरडता आणि शेजारच्या आजींना दर महिन्याला बँकेत घेऊन जाता. बेरीज किती? त्यामुळे कृतीला गुण द्या, खुशाल कडक द्या, पण कृती करणाऱ्या माणसाला एकगठ्ठा गुण देऊ नका. चांगलं झालं तरी नाही, वाईट झालं तरी नाही. याला एलिस विनाशर्त स्वस्वीकार म्हणायचा.

लगेच शंका येते: मग चूक करूनही 'मी असाच आहे' म्हणत मोकळं राहायचं? तसं नाही. अनुभव तर उलटच आहे. 'मी नालायक' असं ठरवून टाकलेला माणूस चूक सुधारत नाही, लपवतो. 'हे वागणं चुकलं' असं म्हणणारा निदान माफी तरी मागू शकतो.

प्रत्यक्षात हे कसं चालतं, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा प्राजक्ता. मराठी माध्यमातून शिकलेली, औशाहून पुण्यात आली, एका विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरी. मीटिंग इंग्रजीत. तिनं एक मुद्दा मांडला, मध्येच क्रियापद चुकलं, समोरचे दोघं एकमेकांकडे पाहून हसले. त्या दिवसानंतर प्राजक्ता मीटिंगमध्ये गप्प. आदल्या रात्री पोटात गोळा, झोप नाही.

तिला विचारलं तर ती सांगेल, 'ते हसले म्हणून मी बोलत नाही.' एलिस म्हणेल, मधली एक पायरी सुटली. ते हसले ही घटना. गप्प बसणं आणि पोटात गोळा हा परिणाम. या दोन्हींच्या मध्ये तिनं मनाशी काहीतरी म्हटलं आहे, इतक्या झटकन की तिलाही ते ऐकू आलं नाही. थोडं खोदलं तर ते साधारण असं निघतं: 'मी चुकता कामा नये. सगळ्यांनी मला हुशार समजलंच पाहिजे. त्यांनी तसं समजलं नाही, तर ते सहन होण्यासारखं नाही. आणि मी मूर्ख आहे, हे तर सिद्धच झालं.' घटना, तिच्याबद्दलची समजूत आणि परिणाम, असा हा तीन खांबांचा हिशेब. मुळात ही कल्पना एलिसची नाही. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी एपिक्टेटस हा गुलामगिरीतून सुटलेला तत्त्वज्ञ हेच सांगत होता, आणि एलिस ते उसनं घेतल्याचं मोकळेपणानं सांगायचा.

मग काय करायचं? 'मी हुशार आहे' असं घोकायचं नाही. त्या चार वाक्यांची उलटतपासणी घ्यायची, वकिलासारखी. चुकता कामा नये, हा नियम कुणी केला? हुशार समजलं गेलं तर मला आवडेल, हे कबूल. पण 'समजलंच पाहिजे' कशावरून? सहन होण्यासारखं नाही म्हणतेस, पण तू गेले तीन आठवडे ते सहन करतेच आहेस, वाईट पद्धतीनं का होईना. क्रियापद चुकलं यावरून क्रियापद चुकलं एवढंच सिद्ध होतं. उलटतपासणीतून नवं वाक्य तयार होतं ते गोडगोड नसतं. ते असं असतं: 'माझं इंग्रजी कच्चं आहे. लोक हसले ते मला लागलं. तरी मुद्दा माझा बरोबर होता आणि पुढच्या मीटिंगला मी तो मांडणार आहे.' अशा वाक्याला आतून 'कशावरून?' असा प्रश्न येत नाही, कारण त्यात खोटं काही नाही.

हे कागदावर लिहून करावं. डोक्यातल्या डोक्यात केलं तर मन पळवाटा काढतं.

पण नुसत्या विचारानं भागत नाही, आणि इथे मला एलिस इतर अनेकांपेक्षा जास्त पटतो. बागेतल्या मुलाची भीती विचार करून गेली नव्हती, बाकावर जाऊन बसल्यानं गेली होती. म्हणून तो लोकांना मुद्दाम लाज वाटेल अशा निरुपद्रवी गोष्टी करायला पाठवायचा. केळ्याला दोरी बांधून ते रस्त्यावरून कुत्र्यासारखं फिरवून आणा. भुयारी रेल्वेत प्रत्येक स्टेशनाचं नाव मोठ्यानं पुकारा. (मुंबईच्या लोकलमध्ये संध्याकाळी सहाला हे केलं तर कुणी मान वर करूनही बघणार नाही, त्यामुळे इथे वेगळं काही शोधावं लागेल.) प्राजक्तापुरतं बोलायचं तर पुढच्या मीटिंगमध्ये एकच वाक्य, तेही पहिल्या दहा मिनिटांत. नंतर जितकं थांबेल तितकं ते जड होत जातं.

'लोक काय म्हणतील' यावर कॉर्नेल विद्यापीठात झालेला एक मजेशीर प्रयोग आहे, २००० साली प्रसिद्ध झालेला. टॉम गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना, त्या वयात घालायला लाज वाटेल अशा एका जुन्या गायकाचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. मग विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? टी-शर्ट घातलेल्यांना वाटलं, निम्म्यांच्या तरी. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं होतं. प्राजक्ताच्या मीटिंगमध्ये हसलेल्या दोघांना तो प्रसंग आज आठवत असेल याची शक्यता कमीच. ते कदाचित फोनवरच्या विनोदाला हसत असतील.

आता बोलण्याचा मुद्दा. संवादकौशल्य म्हणून जे शिकवतात त्यात हस्तांदोलन, नजरेला नजर, आवाजाची पट्टी असं बरंच असतं. त्याला महत्त्व नाही असं नाही. पण बहुतेकांना काय बोलायचं ते माहीत असतं, तोंडातून बाहेर पडत नाही, ही अडचण असते. आणि ते का पडत नाही याचं उत्तर पुन्हा त्याच गुणपत्रिकेत सापडतं. समोरच्यानं मला चांगलं म्हटलंच पाहिजे, असं असेल तर मी नाही म्हणू शकत नाही. समोरच्यानं मला मान दिलाच पाहिजे, असं असेल तर मी साधं बोलू शकत नाही, खेकसतो. दबून बोलणारा आणि अंगावर येणारा ही दोन वेगळी माणसं वाटतात, पण पुष्कळदा एकच असतो: ऑफिसात पहिला, घरी दुसरा.

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला साहेबांनी प्राजक्ताच्या टेबलावर नवीन काम ठेवलं. दबून: 'हो सर, करते,' आणि रविवारचं औशाचं तिकीट रद्द. अंगावर जाऊन: 'नेहमी मीच दिसते का तुम्हाला?' तिसरी वाट अशी: 'सर, हे आज घेतलं तर ऑडिटची फाइल मागे पडेल. सोमवारी दुपारपर्यंत हे देऊ शकते. दोन्हींपैकी आधी काय हवंय ते सांगा.' साहेब तरीही म्हणाले, 'ते काही नाही, आजच,' तर तेच शांतपणे पुन्हा: 'समजलं सर, तातडीचं आहे. म्हणूनच विचारतेय, ऑडिटची फाइल थांबवू का?' यात माफी नाही, आरोप नाही, लांबलचक कारणं नाहीत. कारणं जितकी जास्त द्याल, तितकी समोरच्याला खोडून काढायला जागा मिळते.

साहेब चिडणारच नाहीत याची हमी नाही. ठाम बोललं की सगळं मनासारखं होतं असं कुणी सांगत असेल तर तो क्लासची फी वसूल करतो आहे. फायदा एवढाच की तुमची बाजू मांडली गेलेली असते, आणि रविवारी रात्री स्वतःवर चडफडत बसावं लागत नाही.

घरातलं प्रकरण जास्त नाजूक, कारण तिथे नातं मोडायचं नसतं. लग्नघरात मावशी सगळ्यांसमोर विचारते, 'काय गं, तुझं कधी? वजन पण किती वाढवलंयस!' यावर 'मावशी, तुझी काळजी कळते गं. पण या विषयावर चारचौघांत नको बोलूस, मला कसंतरी होतं. मठ्ठा घेणार का अजून?' एवढं पुरतं. 'तू नेहमी असंच बोलतेस' म्हटलं की मावशीला स्वतःचा बचाव करावा लागतो. 'मला कसंतरी होतं' यावर ती वाद घालू शकत नाही. पहिल्या वेळी ती फुगेल. तिसऱ्या लग्नापर्यंत सवय होते.

मनाचं आरोग्य चांगलं असणं म्हणजे सदैव हसतमुख असणं, हा गैरसमजही याच ओघात निघून जावा. एलिस त्रासदायक भावनांचेही दोन प्रकार करायचा. परीक्षेआधी काळजी वाटते म्हणून अभ्यास होतो; तीच भीती झाली की पान उलटत नाही. वडील गेले तर दुःख होणार, व्हायलाच हवं, महिनोन्महिने होईल. 'त्यांच्याशिवाय मी कुणीच नाही' या वाक्यानं मात्र माणूस अंथरुणाला खिळतो. दुःख, काळजी, राग, पश्चात्ताप हे निरोगी मनातही असतात. ते काहीतरी करायला लावतात. त्यांचे बिघडलेले भाऊबंद हातपाय बांधून ठेवतात.

या सगळ्या विचाराला एक मोठी मर्यादा आहे आणि ती सांगितली नाही तर हे लिखाण अप्रामाणिक होईल. प्रत्येक वेळी दोष आपल्या समजुतीत नसतो. नवरा मारत असेल, वरिष्ठ जातीवरून टोमणे मारत असेल, पगार तीन महिने थकला असेल, तर 'तुझ्या विचारात बदल कर' हा सल्ला क्रूर आहे. तिथे घटनाच बदलायची असते. महाराष्ट्राला हे कुणी वेगळं शिकवायला नको. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह पाणी प्यायले, ते तहान लागली होती म्हणून नव्हे. आपली किंमत दुसऱ्यानं ठरवू द्यायची नाही आणि ती ठरवणारी व्यवस्थाही तशीच राहू द्यायची नाही, ही दोन्ही कामं तिथे एकाच वेळी झाली. विवेकनिष्ठ उपचाराचा उपयोग अशा ठिकाणी इतकाच, पण तो लहान नाही: अपमान करणाऱ्याचं मत आपण स्वतःबद्दल खरं मानायचं नाही, म्हणजे लढायला ताकद शिल्लक राहते.

दुसरी मर्यादा आजाराची. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप आणि भूक बिघडली, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही मन लागेना, तर वही-पेन घेऊन उलटतपासणी करत बसायची ती वेळ नाही. आणि जगू नये असं वाटू लागलं, तर दोन आठवडेही थांबायचं नाही. नैराश्य हा आजार आहे, त्याला औषधं आहेत. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलि मानस' सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. समोरासमोर भेटायचं तर जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची चौकशी करावी. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत, आणि तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी परतणारे लोक भरपूर असतात. पहिल्या भेटीत डॉक्टर बहुतेक वेळ विचारतात आणि ऐकतात: झोप कशी आहे, जेवण कसं, घरात कोण कोण, हे कधीपासून. आधीपासून कुठलं औषध चालू असेल तर त्याची चिठ्ठी सोबत न्यावी. एकट्यानं जायचा धीर होत नसेल, तर एखाद्या मैत्रिणीला, भावाला बरोबर न्यायला काहीच हरकत नसते.